जाळ्यात आलेलं आणि निसटलेलं: प्राणिप्लवकांची पाहणी कशी करावी

जाळ्याची रात्रीची खेप वर आली की मी आधी डेकवरचा मोठा दिवा मालवायला सांगते. बादलीत हात घालत नाही, नुसती वाकून पाहते. जरा हलवलं की पाण्यात निळे ठिपके लुकलुकतात, कुठे एखादी रेघ चमकून विझते. मग टॉर्च लावायची. आता त्याच पाण्यात काचेच्या तुकड्यांसारखे बाणकृमी सुळकन सरकताना दिसतात, कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव टुणटुण उड्या मारतात आणि मधेच अख्खी पारदर्शक घंटा श्वास घेतल्यासारखी आकसते. बावीस वर्षं हे काम करते आहे. बादलीतलं सगळं ओळखता आलं, अशी एकही रात्र मला आठवत नाही.

पहिल्यांदा जहाजावर निघालेल्यांसाठी हे लिहिते आहे. समुद्रात तरंगणाऱ्या प्राण्यांची विविधता मोजताना दर टप्प्यावर काहीतरी हातून जातं. लहान जीव जाळ्यातून गळतात, चपळ जीव जाळ्याची चाहूल लागताच बाजूला होतात, मऊ जीव फाटतात, काही फॉर्मालिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवण्याच्या द्रावणात, विरतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन जाती एकच दिसतात. हे पूर्णपणे टाळता येत नाही. पण कोणत्या टप्प्यावर काय गेलं हे वहीत लिहिता येतं, आणि ते लिहिलेलं असेल तरच तुमची यादी दुसऱ्याच्या कामाची.

आधी ठरवा, मोजायचं काय

‘प्लँक्टन’ हा शब्द व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ मध्ये रूढ केला. प्रवाहाबरोबर वाहत जाणारे, भटके, असा त्याचा अर्थ. त्यातल्या प्राण्यांना आपण प्राणिप्लवक म्हणतो. यात आकाराचा पसारा प्रचंड आहे: मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढ्या अळीपासून कित्येक मीटर लांब सायफोनोफोरपर्यंत (जेलीफिशसारख्या जिवांची वसाहत). सगळं एका जाळ्यात धरण्याचा हट्ट करू नका. बहुतेक पाहण्या ०.२ ते २० मिलिमीटर या टप्प्यातल्या प्राण्यांवर चालतात. तुमचीही तशीच असेल, तर तसं पहिल्याच पानावर लिहा.

दुसरा निर्णय अळ्यांचा. काही प्राणी जन्मभर तरंगतात, उदाहरणार्थ कोपेपॉड, बाणकृमी, सॅल्प (पिंपाच्या आकाराचे पारदर्शक प्राणी). काही फक्त बालपणात तरंगतात: खेकडे, शिंपले, तारामासे, मासे. १८२० च्या दशकापर्यंत ‘झोइया’ हा स्वतंत्र प्राणी समजला जात असे. जॉन व्हॉन थॉम्प्सन यांनी झोइया वाढवून पाहिला आणि ती खेकड्याची अळी निघाली. हा किस्सा मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते, कारण अळीला वेगळी जात धरण्याची चूक आजही तितक्याच सहज होते. एकाच खेकड्याचा झोइया आणि पुढचा मेगालोपा एका बाटलीत असतील आणि तुम्ही दोघांना दोन ओळी दिल्यात, तर यादी फुगली. अळ्यांचा तक्ता वेगळा ठेवा.

जाळं

जाळ्याच्या भोकाला कोळी ‘आस’ म्हणतात. प्लवकाच्या जाळ्याचा आस मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजतात, आणि तुमच्या पाहणीचं अर्धं भवितव्य त्या एका आकड्यात असतं. सर्रास वापरलं जाणारं डब्ल्यूपी-२ जाळं २०० मायक्रॉनचं असतं. तोंडाचा व्यास ५७ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ पाव चौरस मीटर. हिशोबाला सोपं, दोन माणसांना उचलता येण्याजोगं. पण ऑइथोना आणि ऑन्सियासारखे बारीक कोपेपॉड त्यातून मोठ्या संख्येनं गळतात, आणि हेच जीव समुद्रात अमाप आहेत. त्यांची दखल घ्यायची असेल तर ६० ते १०० मायक्रॉनचं दुसरं जाळं त्याच जागी टाका. फक्त बारीक आसाचं जाळं वापरून भागेल असं वाटत असेल, तर तसं होत नाही. ते लवकर तुंबतं, पाणी तोंडातूनच मागे ढकललं जातं आणि मोठे प्राणी त्या लाटेबरोबर बाजूला होतात.

जुन्या आकड्यांशी तुलना करताना तर आस आधी पाहा. १९६० च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत कितीतरी जहाजांनी एकच प्रमाण जाळं वापरलं: तोंड एक चौरस मीटर, आस ३३० मायक्रॉन, खेप २०० मीटरपासून पृष्ठभागापर्यंत. सगळ्यांनी एकच जाळं वापरणं ही फार दूरदृष्टीची गोष्ट होती. पण त्या आकड्यांशेजारी आजचे २०० मायक्रॉनचे आकडे मांडून ‘लहान कोपेपॉड वाढले’ असं कोणी म्हणालं, तर त्यात समुद्राचा काही संबंध नाही, फरक जाळ्याचा आहे.

जाळ्याची लांबीही बघा. गाळणारं एकूण मोकळं क्षेत्र तोंडाच्या निदान तिप्पट हवं, हिरव्या गढूळ पाण्यात पाचपट किंवा त्याहून जास्त. निघण्यापूर्वी जाळं दिव्यासमोर ताणून धरा आणि बोटाएवढं भोकही सोडू नका.

पृष्ठभागावरच राहणारे प्राणी उभ्या खेपेत जवळजवळ येतच नाहीत: निळे पाँटेलिड कोपेपॉड, पोर्पिटा, शिडासारखा पडदा उभारून वाऱ्यावर जाणारी व्हेलेला. त्यांच्यासाठी पाण्याच्या कातडीवरून सरकणारं चौकोनी जाळं जहाजाच्या बाजूनं, जहाजाच्या लाटेबाहेर ओढावं लागतं. पाहणीत ते नसेल तर ‘पृष्ठभागावरचे प्राणी धरलेले नाहीत’ ही ओळ वहीत हवीच.

खेप टाकताना

उभ्या खेपेला जहाज थांबलेलं असतं, तरी ते वाऱ्यानं सरकत राहतं आणि तार तिरपी होते. विंचवर २०० मीटर तार सुटली म्हणजे जाळं २०० मीटरवर आहे असं नाही. तार उभ्या रेषेपासून ३० अंश कललेली असेल तर जाळं सुमारे १७३ मीटरवर असतं, ४५ अंशांवर अवघं १४१. कोनमापक घेऊन कठड्याशी उभं राहा आणि दर ५० मीटरला कोन लिहा. जाळ्याला खोली नोंदवणारं यंत्र बांधता आलं तर फारच उत्तम, पण तेव्हाही कोन लिहा. वर ओढण्याचा वेग साधारण सेकंदाला पाऊण मीटर, आणि तो खेपभर तोच. मधे थांबलात की जाळ्यातले प्राणी उलटे बाहेर येतात.

फ्लोमीटर (जाळ्यातून किती पाणी गेलं ते मोजणारं यंत्र) तोंडाच्या बरोबर मध्यभागी नको, मध्य आणि कडा यांच्या अधेमधे बांधा. जाळं खाली जाताना तो उलटा फिरू नये म्हणून कळ असलेला घ्या. पाण्यात सोडण्याआधीचा आकडा आणि वर आल्यावरचा आकडा दोन्ही लिहायचे, नुसता फरक लिहायचा नाही. माझ्या फ्लोमीटरचा एक आकडा म्हणजे सुमारे २.६९ सेंटिमीटर पाणी. फरक ७,००० आला तर अंतर १८८ मीटर, तोंडाच्या ०.२५ चौरस मीटरनं गुणलं की ४७ घनमीटर. २०० मीटरच्या खेपेत ५० अपेक्षित होते, ४७ आले, ठीक. ३० आले असते तर जाळं तुंबलं होतं. ती खेप मी मोजणीत धरत नाही, कमी खोलीची दोन जाळी टाकून भरून काढते.

एका ठिकाणी एकच खेप पुरत नाही. हेन्सेन यांचा समज होता की प्लवक समुद्रात बऱ्यापैकी सारखं पसरलेलं असतं. अर्न्स्ट हेकेल यांनी १८९० मध्ये त्यावर कडाडून टीका केली, आणि पुढच्या मोजण्यांनी दाखवलं की प्लवक थव्याथव्यानं, पट्ट्यापट्ट्यानं असतं. निदान तीन खेपा टाका आणि त्या एकत्र ओतू नका.

आणि रात्र चुकवू नका. प्ल्युरोमामासारखे कोपेपॉड, क्रिलचे भाईबंद, कितीतरी बाणकृमी दिवसा काही शे मीटर खाली असतात आणि अंधार पडला की वर येतात. दुसऱ्या महायुद्धात सोनारवर दिसणारा ‘खोटा तळ’ याच ये-जा करणाऱ्या प्राण्यांच्या थरामुळे दिसत होता. शिवाय दिवसा चपळ प्राण्यांना जाळं दिसतं. फक्त दिवसाच्या खेपांवर केलेली यादी मी तरी वरच्या थराची यादी मानत नाही. खोलीनुसार वेगवेगळे नमुने हवेत तर हुकमानं उघडणारी-मिटणारी अनेक जाळी एका चौकटीत बसवलेली यंत्रणा लागते. २००६ मध्ये सागरी प्राणिप्लवक गणनेच्या शास्त्रज्ञांनी सारगासो समुद्रात अशीच जाळी ५,००० मीटरपर्यंत नेली आणि जहाजावरच प्राणी ओळखून त्यांचा डीएनए वाचला.

पहिला अर्धा तास

सगळ्या कामात माझा जीव या अर्ध्या तासात अडकलेला असतो. इथे गेलेलं पुन्हा कधीच मिळत नाही.

जाळं वर आलं की बाहेरच्या बाजूनं समुद्राच्या पाण्याचा हलका फवारा मारत वरून खाली धुवा. आतून मारायचा नाही, नाहीतर फवाऱ्याच्या पाण्यातले प्राणी नमुन्यात येतील. जोरानं मारायचा नाही, जेली (जेलीफिशसारखे मऊ प्राणी) जाळीवर चिरडते. तळची बादली सोडवून लगेच सावलीत, बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवलेल्या मोठ्या भांड्यात ओता. खोल, थंड पाण्यातून आलेला प्राणी डेकवरच्या उन्हात काही मिनिटांत मरतो, आणि मेलेली जेली ओळखण्याजोगी राहत नाही.

आता मोठे आणि मऊ प्राणी एकेक करून बाजूला काढा. चिमटा नाही, काचेची वाटी किंवा रुंद तोंडाची नळी. प्रत्येकाचा जिवंतपणी काळ्या पार्श्वभूमीवर, बाजूनं उजेड टाकून फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा, लांबी लिहा. आकसत असेल तर मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण थोडं थोडं मिसळा (गोड्या पाण्यात लिटरला ७५ ग्रॅम स्फटिक), प्राणी सैल पडतो. मग ऊतीचा एक छोटा तुकडा वेगळ्या कुपीत, अल्कोहोलमध्ये.

याची घाई का, ते सांगते. माझ्या तिसऱ्या सफरीत बादलीत मुठीएवढी एक कंकतधारी जेली आली. दोन मोठे पंखासारखे पाळे, कडेनं इंद्रधनुष्य पळत होतं. पुढची खेप टाकायची होती, म्हणून मी ती तशीच बाकीच्यांबरोबर फॉर्मालिनमध्ये ओतली, उद्या पाहू म्हटलं. उद्या बाटलीत पांढरट ढग होता. प्ल्युरोब्रॅकिया, बेरोई यांसारख्या घट्ट अंगाच्या जाती फॉर्मालिनमध्ये बऱ्यापैकी टिकतात, पण मोठ्या पाळ्यांच्या जाती विरघळून जातात. त्या सफरीच्या यादीत कंकतधारींपुढे शून्य लागलं, आणि ते शून्य खरं नव्हतं. तेव्हापासून माझ्याबरोबर एक माणूस फक्त जेलीसाठी असतो, आणि तो नसेल तर पुढची खेप थांबते.

सायफोनोफोर तर बादलीत येईपर्यंतच सुटे झालेले असतात. एका वसाहतीच्या पोहण्याच्या कितीतरी घंटा वेगवेगळ्या तरंगतात. त्या सगळ्या मोजल्या तर एकाचे दहा होतात. ज्या गटात पुढची आणि मागची अशा दोनच घंटा असतात, तिथे फक्त पुढच्या घंटा मोजायच्या. बाकीच्यांचे सुटे भाग ‘भाग’ म्हणूनच लिहायचे.

दोन बाटल्या

मोठे प्राणी काढून झाले की उरलेला नमुना फोल्सम विभाजकात घालून बरोबर दोन भाग करा. एक भाग रूपासाठी फॉर्मालिनमध्ये, दुसरा डीएनएसाठी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. दोन्ही कामं एका बाटलीत होत नाहीत: फॉर्मालिन डीएनए खराब करतं, आणि अल्कोहोल प्राण्यांना आकसून ठिसूळ करतं.

बाजारातलं फॉर्मालिन एक भाग आणि नमुन्यासह समुद्राचं पाणी नऊ भाग, म्हणजे साधारण ४ टक्के फॉर्मल्डिहाइड होतं. त्यात आधी बोरॅक्स मिसळून आम्लता मारलेली हवी. नाहीतर टेरोपॉडचे, म्हणजे सागरी फुलपाखरांचे, कागदाहून पातळ शंख विरघळतात आणि नुसती मऊ अंगं उरतात. फॉर्मल्डिहाइडनं कर्करोग होतो. हातमोजे, चष्मा आणि खेळती हवा, यात सवलत नाही.

अल्कोहोलच्या बाटलीत गाळ चौथ्या हिश्शापेक्षा जास्त भरू नका, आणि २४ तासांनी अल्कोहोल बदला, कारण प्राण्यांच्या अंगातलं पाणी त्यात उतरलेलं असतं. मग बाटली शक्यतो उणे २० अंशांत.

चिठ्ठी बाटलीच्या आत टाकायची, पाण्यानं न फाटणाऱ्या कागदावर, पेन्सिलनं. बाहेरून मार्करनं लिहिलेलं अल्कोहोलच्या एका थेंबानं पुसतं. मोहीम, ठिकाण क्रमांक, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, खोली, जाळ्याचा आस, फ्लोमीटरचे दोन आकडे, आणि हा नमुन्याचा कितवा हिस्सा आहे. हे शेवटचं विसरू नका, का ते पुढे येईल.

ओळखणं आणि मोजणं

प्रयोगशाळेत आधी फॉर्मालिन बारीक जाळीवर गाळून पाण्यानं धुवा. मग अख्खा नमुना एकदा ताटलीत पसरून सूक्ष्मदर्शकाच्या कमी वर्धनाखाली नजर फिरवा. दुर्मीळ आणि मोठे प्राणी आत्ताच, पूर्ण नमुन्यातून काढायचे. उपनमुन्यात ते सापडतील या भरवशावर राहू नका.

त्यानंतर नमुना विभागत विभागत अशा हिश्शापर्यंत या की त्यात चारशे-पाचशे प्राणी असतील. ते बोगोरोव्ह ताटलीच्या नागमोडी खाचेत घालून एका टोकापासून मोजत जा, म्हणजे एकच प्राणी दोनदा नजरेखालून जात नाही. बहुतेक कोपेपॉड असतील. आधी गण ठरवा: लांबच लांब शृंगिका आणि पाचव्या पायांच्या खंडामागे कंबर असेल तर कॅलॅनॉइड, आखूड शृंगिका आणि पाचव्या पायांच्या पुढे कंबर असेल तर सायक्लोपॉइड. जात ठरवायला प्रौढ प्राणी लागतो, आणि कॅलॅनॉइडमध्ये नजर पाचव्या पायांच्या जोडीवर. नर आणि मादी इतके वेगळे दिसतात की नवखा माणूस दोन जाती लिहून मोकळा होतो. पिल्लांच्या अवस्थेत जात सांगता येत नसेल तर वंशाचं किंवा नुसतं गणाचं नाव लिहा आणि थांबा. ‘कॅलॅनॉइड पिल्लू’ ही प्रामाणिक नोंद आहे. अंदाजानं लिहिलेलं जातीचं नाव पुढे कोणालाच दुरुस्त करता येत नाही. प्ल्युरोमामा मात्र कोणीही ओळखेल: अंगाच्या एका बाजूला गडद बटणासारखा ठिपका. नावाचं आजचं शुद्ध रूप ‘वर्म्स’ या सागरी जातींच्या जागतिक नोंदवहीत तपासूनच लिहा, जुन्या पुस्तकांतली कितीतरी नावं बदलली आहेत.

आता हिशोब. समजा १/३२ हिश्शात एका जातीचे १२८ प्राणी मिळाले. १२८ गुणिले ३२ म्हणजे ४,०९६, भागिले ४७ घनमीटर, म्हणजे घनमीटरला ८७. चूक! फॉर्मालिनच्या बाटलीत मुळात नमुन्याचा निम्माच भाग होता. खरं उत्तर १७४. माझ्या हातून एका अख्ख्या वर्षाचे आकडे असे निम्मे गेले होते आणि आठ महिन्यांनी ते ध्यानात आलं. म्हणून ‘कितवा हिस्सा’ चिठ्ठीवर.

मोजलेल्या संख्येचा भरवसाही लिहा. १०० मोजले असतील तर चूक अंदाजे २० टक्के इकडेतिकडे, १६ मोजले असतील तर ५० टक्के. एखाद्या जातीचे चारच मिळाले असतील तर ‘दुप्पट झाली, निम्मी झाली’ ही भाषा करू नका.

डीएनए

एकसारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या आहेत का, आणि ही अळी कोणाची, या दोन प्रश्नांना डीएनएइतकं चांगलं उत्तर दुसरं नाही. प्राण्यांसाठी नेहमीची खूण म्हणजे सीओआय जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा. एका प्राण्याचा वाचायचा असेल तर आधी फोटो घ्या, मग एखादा पाय किंवा शेपटीचा भाग वापरा आणि उरलेला प्राणी क्रमांक घालून जपा. पुढे नावाबद्दल वाद झाला तर दाखवायला काहीतरी हातात हवं.

अख्ख्या बाटलीचा डीएनए एकदम वाचण्याची पद्धत झपाट्यानं काम उरकते आणि सूक्ष्मदर्शकाखाली हुकलेले जीव दाखवते. पण त्यात आलेल्या वाचनांची संख्या म्हणजे प्राण्यांची संख्या नव्हे. एक मोठा सॅल्प शेकडो कोपेपॉडना झाकून टाकतो. बाणकृमीच्या पोटातला घासही यादीत येतो. काही जेली या जनुकाला दादच देत नाहीत, म्हणून जोडीला १८एस हे दुसरं जनुक घ्या. आणि प्रत्येक तुकडीबरोबर प्राण्याविना एक कोरी कुपी चालवा. त्या कुपीत जे निघेल ते हातांतून, हवेतून, शेजारच्या नमुन्यातून आलेलं असतं.

किती हुकलं याचा अंदाज

मोजत जाल तशा नव्या जाती आधी भराभर आणि मग सावकाश येतात. मोजलेले प्राणी आडव्या अक्षावर, जातींची संख्या उभ्या अक्षावर मांडा. रेघ अजून चढतच असेल तर मोजणी अपुरी आहे. न दिसलेल्या जातींचा चाओ-१ हा सोपा अंदाज मी नेहमी काढते. समजा ४२ जाती मिळाल्या. त्यातल्या १२ जातींचा एकेकच प्राणी दिसला, ६ जातींचे दोन-दोन. १२ चा वर्ग १४४, भागिले ६ ची दुप्पट, म्हणजे १२. निदान ५४ जाती असाव्यात, म्हणजे निदान डझनभर नजरेआड आहेत. हा हिशोब प्रत्यक्ष मोजलेल्या प्राण्यांवरच करायचा. ३२ नं गुणलेल्या आकड्यांत ‘एकच दिसलेला’ असा कोणी उरतच नाही, आणि सूत्र सांगतं की सगळं सापडलं.

वेगवेगळ्या जाळ्यांच्या, दिवस-रात्रीच्या खेपांची तुलना करायची असेल तर आधी सगळ्यांतून सारख्याच संख्येचे प्राणी घेऊन जाती किती येतात ते पाहा. पाचशे प्राण्यांतल्या ४२ आणि दोनशेतल्या ३० यांत श्रीमंत कोण, हे तसं केल्याशिवाय कळत नाही.

मोजून झालेले प्राणी फेकू नका. जात ठरलेले थोडे प्राणी वेगळ्या कुप्यांत, बाकीचे परत मूळ बाटलीत, त्याच चिठ्ठीसह. वर्षातून एकदा प्रत्येक झाकण तपासा, पातळी उतरली असेल तर त्याच द्रावणानं भरा आणि तारीख वहीत लिहा. मागच्याच महिन्यात मी चौदा वर्षांपूर्वीची एक बाटली पुन्हा उघडली, ‘कॅलॅनॉइड पिल्लू’ अशा नोंदीची. त्यातली सहा पिल्लं आता वेगळ्या ताटलीत आहेत. त्याच खेपेची अल्कोहोलची जोडबाटली उणे २० अंशांतून काढली आहे, आणि तिच्यातल्या तसल्याच पिल्लांचा डीएनए पुढच्या आठवड्यात वाचायला घेणार आहे.